मांगरातली दुसरी गाडी

मांगराचं दार आता निम्मंच उघडतं. दाराआड दोन लोअर आर्म पडलेत, त्यांच्यावर सडलेला रेडिएटर, बाजूला टर्बोचा फाटका होज, चार ब्रेक डिस्क, मागचा डिफरन्शियल, आणि भिंतीला टेकून डावीकडचा पुढचा दरवाजा, काचेसकट. पूर्वी इथे नारळ, सोडणं आणि शेणी असायच्या. गेल्या दसऱ्याला मी खळ्यात गाडी धुऊन तिला झेंडूचा हार बांधत होतो. बायको सुंभ आणायला मांगरात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. म्हणाली, "मांगरात आणखी एक गाडी उभी ऱ्हवली हा. तिकापण हार घाला."

बोलली रागाने, पण हिशोबात चूक नव्हती. पुण्यातून जी गाडी बाहेर पडली तिचे मूळचे अवयव एकेक करून मांगरात चाललेत. आणखी चार-पाच वर्षांत पारडं फिरेल. मग मी नमस्कार केला तो कोणाला? 1655 साली इंग्लंडातल्या हॉब्ज नावाच्या तत्त्वज्ञाने हाच पेच लिहून ठेवलाय. अथेन्सच्या लोकांनी थीसियस राजाचं जहाज जपलं, कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची, असं करत करत. हॉब्ज विचारतो, त्या काढलेल्या फळ्या कुणी साठवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर खरं कुठलं? बायकोने हॉब्ज वाचलेला नाही. तिला सुंभ सापडत नव्हतं.

गाडी म्हणजे लँड रोव्हर फ्रीलँडर 2, डिझेल, 2179 सीसी. टाटांनी 2008 मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि 2011 मध्ये पुण्यात फ्रीलँडरची जुळणी सुरू केली. भारतात जुळलेली ती पहिली लँड रोव्हर. आमची त्याच वर्षातली, गडद निळी. घेतली थोरल्या भावाने. ठाण्यात त्याचा इलेक्ट्रिकच्या कंत्राटांचा धंदा होता, आणि तीस लाखांच्या वरची गाडी घेऊन गणपतीला वाडीत उतरायचं ही त्याची कित्येक वर्षांची हौस. दोन्ही बाजूंच्या गडग्यांना चार-चार बोटं अंतर ठेवून त्याने ती आत आणली, तेव्हा निम्मी वाडी बघायला उभी होती. पुढे धंदा बसला. 2018 मध्ये त्याने गाडी माझ्या खळ्यात उभी केली आणि चावी हातात दिली. पैसे घेतले नाहीत. "तू बोटीवरचो फिटर. तुका जमतला," एवढंच म्हणाला.

मी सत्तावीस वर्षं बोटीवर होतो, इंजिन रूममध्ये फिटर. त्यामुळे मीठ काय करतं ते मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. पण बोटीवर रंग आणि माणसं मुबलक असतात. इथे मी एकटा.

मालवणात यंत्राला दोन ऋतू: पाऊस आणि मीठ. पाऊस चार महिने, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. गंज चढायला समुद्रात चाक घालावं लागत नाही. तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावरून एक फेरी पुरे. पत्र्यावर मिठाची साय धरते, ती हवेतलं पाणी ओढून घेते, आणि गाडी बंद दाराआड झाकून ठेवली तरी रात्रभर आतून भिजत राहते. त्यातही जिथे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतात तिथे जास्त. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये खारं पाणी आलं की तिथे एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. माझी अलॉय चाकं हबला अशी चिकटायची की सगळे नट काढूनही चाक निघत नसे. टायरला मागून ओंडक्याने ठोसे द्यावे लागत. जहाजाच्या बुडाला याच कारणासाठी जस्ताच्या वड्या लावतात. समुद्र जस्त खातो आणि पोलाद सोडतो, आणि दर ड्राय डॉकला नव्या वड्या. आमचा चीफ म्हणायचा, ज्याच्यासाठी दिला त्याच्या खरोखर उपयोगी पडणारा बळी मी हा एकच पाहिलाय.

गंमत म्हणजे या गाडीची कुळकथाही किनाऱ्यावरच सुरू होते. 1947 मध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सने वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या पुळणीवर, वाळूत रेघोट्या मारून पहिल्या लँड रोव्हरचा आकार भावाला दाखवला. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. दोन भाऊ, एक पुळण, एक गाडी. आमच्या घरची गोष्ट उलट्या टोकाने तीच आहे, असं मला कधीकधी वाटतं.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला तेव्हा राज्यभर नटबोल्टांच्या गंजावर चर्चा झाली. मालवणात ज्याच्या घरी होडी आहे, सायकल आहे, खिडकीला गज आहेत, त्याला त्या चर्चेत नवीन काही नव्हतं. दुःख मात्र होतं. 2025 च्या मे महिन्यात तिथे नवा पुतळा उभा राहिला. लोक त्याच जागी चप्पल काढतात आणि तसेच हात जोडतात. हा वेगळा पुतळा आहे असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही.

तर पहिल्या पावसाळ्यात गाडीने मला माझी जागा दाखवली. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली जायला बारीक नळ्या असतात. वर आंबा, बाजूला माड. पानांचा आणि माडाच्या तुसाचा चोथा होऊन त्या नळ्या तुंबल्या आणि एका सकाळी पायाखालच्या गालिच्यात चार बोटं पाणी. नळ्या मोकळ्या करायला तार घातली तर नळी फाटते. शेवटी दांडीच्या किनाऱ्यावरून एका मच्छीमाराकडून जाड तंगूस आणली आणि ती हळूहळू आत सरकवली. आता दर मृगाआधी तंगूस फिरवतो, आमच्याकडे पन्हळी साफ करतात तशी. 2020 मध्ये टाळेबंदीत गाडी उभी राहिली तर उंदरांनी वायरिंग खाल्लं. 2021 मध्ये टायमिंग बेल्ट बदलला. बेल्ट दिसायला धड होता, किलोमीटरही फार झाले नव्हते, पण दहा वर्षं भरली होती, आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. मग लोअर आर्मचे बुश, मग मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या कपलिंगचं तेल आणि फिल्टर, मग डिफरन्शियलचे बेरिंग घुं घुं करायला लागले म्हणून तो अख्खाच. कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्यात नाही. कुडाळला एक तरुण मेस्त्री आहे, लॅपटॉप लावतो आणि कानही लावतो. माझा विश्वास कानावर जास्त. त्याने गाडी पहिल्यांदा लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "काकानू, खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान हिका. इकून टाका." नंतर आठ वर्षं तोच ती जगवतोय.

पार्ट कुठून येतात ते सांगितलं तर अध्यात्मच होईल. काही नवे, काही कुर्ल्याच्या जुन्या बाजारातले, काही दिल्लीच्या मायापुरीचे. मुंबईच्या एका दुकानाने नवा म्हणून पाठवलेला सेन्सर धुतलेला जुना निघाला. पण तो अजून चालतोय, म्हणून मी शिव्या अर्ध्यावर थांबवल्या. डावीकडचा पुढचा दरवाजा खालून सडून भाकरीसारखा पदर सुटायला लागला, तेव्हा कुर्ल्याहून दुसरा आणला. तो चंदेरी आहे. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचा. त्याच्या कप्प्यात ऐरोलीच्या टोलची पावती आणि लहान मुलीची केसांची क्लिप होती. क्लिप मी फेकली नाही. कारण विचारू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या डोक्यात बायकोच्या आधी एका बर्मी माणसाने घातला होता.

नव्वदच्या दशकात आमची बोट सिंगापूरला ड्राय डॉकला होती. बुडाचे पत्रे कापून नवे बसवत होते, दिवसरात्र ठिणग्या. माझ्याबरोबरचा ऑइलर बर्मी होता. त्याच्याकडे नावाआधी 'को' लावतात, आम्ही नुसतं 'को' म्हणायचो. एकदा चहा पिताना त्याने मला मिलिंद राजाची गोष्ट सांगितली, इतकी सहज की मला ती त्याच्या गावची वाटली. नंतर कळलं की मिलिंदप्रश्न हा ग्रंथ बर्मी लोक चक्क त्रिपिटकात धरतात. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, पंजाबातला ग्रीक राजा. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, चालत आलात की रथाने? राजा म्हणतो, रथाने. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? दोर? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि सगळं वगळल्यावर उरतं त्यालाही रथ म्हणता येत नाही. मग रथ आहे कुठे? नागसेनाचं म्हणणं असं की 'रथ' हे या सगळ्यांच्या मेळाला दिलेलं चालतं नाव आहे, आणि 'नागसेन' हेही तसंच.

कोने एवढं सांगितलं आणि कापलेल्या पत्र्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून डोळा घातला. त्या डॉकमध्येच बोटीचं नाव खरवडून नवं रंगवलं, झेंडाही बदलला, मालक तर आम्हाला कधीच माहीत नव्हता. एक गोष्ट बदलली नाही: सात आकडी आयएमओ नंबर. तो जहाजाला एकदाच मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत राहतो. 1996 पासून तो सक्तीचा आहे. त्याच नंबराने मला पुष्कळ वर्षांनी कळलं की आमची बोट अलंगच्या किनाऱ्यावर चढली. तिचं पोलाद वितळून सळया झाल्या असतील. माझ्या स्लॅबमधल्या सळया कुठून आल्या ते मी ठेकेदाराला विचारलेलं नाही.

सरकार गाडीच्या बाबतीतही असंच वागतं. 2018 मध्ये गाडी माझ्या नावावर करताना चेसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली, आणि सतरा अक्षरं-आकडे पांढरे उमटले. कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे तेवढंच. इंजिन बदललं तर पुस्तकात नोंद करता येते. हा नंबर मात्र मरेपर्यंतचा. मी प्रामाणिकपणे सांगतो, दर सप्टेंबरला अंगाखाली तारेचा ब्रश मारून रेड ऑक्साइड आणि मेण लावतो, तेव्हा सुरुवात त्या नंबराच्या पत्र्यापासून करतो. तत्त्वज्ञान काही म्हणो, तो पत्रा सडलेला मला परवडणार नाही.

आमच्या भटजींना हे नंबराचं बोलणं पसंत पडलं नाही. ते दसऱ्याला गाडीची पूजा सांगायला येतात आणि चहाला थांबतात. त्यांचं म्हणणं, बौद्धांना सगळं नाव वाटतं कारण त्यांनी रथात बसलेला पाहिलाच नाही. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, आणि आत बसलाय तो आत्मा, रथाचा स्वामी. रथ मोडो, बदलो, बसणारा तोच. मी म्हटलं, भटजीबुवा, त्या रथात घोडे आहेत, लगाम आहे, सारथी आहे, मालक आहे. सुतार कुठे आहे? आस मोडली तर बघणार कोण?

त्यांनी विषय टाळला नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, सुतार उपनिषदात नसला तरी मीमांसेत आहे. अग्नी स्थापन करायला ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद असे ऋतू सांगितलेत. आणि रथकाराला वर्षा ऋतू. या रथकाराला अधिकार आहे तो कुठल्या नात्याने, यावर मीमांसकांनी स्वतंत्र चर्चा केलीय. मला ते फार आवडलं. पावसाळा हा दुरुस्तीवाल्याचा ऋतू आहे हे किनाऱ्यावर कुणालाही पटेल. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माडाच्या झापांखाली कुणी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासतोय, कुणी जाळं पसरून फाटलेल्या आसांत नवी गाठ मारतोय. जाळ्याचा तर मूळचा धागा दोन-तीन हंगामांत उरत नाही. जाळं बापाचं म्हणूनच सांगतात.

न्यायशास्त्रवाल्यांचं मत भटजींनीच सांगितलं, आणि ते ऐकून मला घाम फुटला. नैयायिक बौद्धांसारखे नाहीत. त्यांच्या मते कापड हे धाग्यांहून वेगळं, स्वतंत्र आणि खरं आहे, त्याला ते अवयवी म्हणतात. छान. पण एक धागा काढला की जुनं कापड संपलं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं कापड जन्मलं. या हिशोबाने मी 2018 पासून चाळीसेक गाड्या वापरल्या आणि विमा एकीचाच भरला.

भटजींचं स्वतःचं उत्तर पुरीचं. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी जगन्नाथाचं लाकडी शरीर नवं करतात. अलीकडे 1996 मध्ये आणि 2015 मध्ये झालं. जुन्या मूर्तीच्या पोटातला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या काळोखात, सेवकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, हाताला कापड गुंडाळून नव्या मूर्तीत ठेवतात. जुनी मूर्ती पुरतात आणि तिचं सुतक धरतात. म्हणजे काहीतरी एक इकडून तिकडे जातं, म्हणून देव तोच. मी विचार केला, माझ्या गाडीत असं काय गेलं? इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणावं तर तोही 2022 मध्ये बदलला. मेस्त्रीने लॅपटॉप लावून नव्या कॉम्प्युटरला जुन्या चाव्या ओळखायला शिकवलं; तोवर गाडी मला चोर समजत होती. शिकवायला वीस मिनिटं लागली.

ही वीस मिनिटं मला नंतर फार टोचली, ती भावामुळे.

भाऊ आता मालवणातच असतो, आमच्यापासून चार किलोमीटरवर. चार वर्षं झाली, त्याची आठवण जातेय. आधी नावं गेली, मग वाटा, आता माणसं. शरीर ठणठणीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचे दात, स्वतःचे गुडघे, एक पार्ट बदललेला नाही. माझ्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे आणि हृदयाच्या नळीत स्टेंट. मांगराच्या न्यायाने तो अस्सल आणि मी भेसळ. पण तो मला ओळखत नाही.

वेदान्तात एक देवदत्त आहे. पूर्वी काशीत पाहिलेला, आज इथे भेटला. तेव्हाचा काळ सोडा, तिथली जागा सोडा, आजचा काळ आणि आजची जागाही सोडा, उरतो तो देवदत्त, 'तोच हा'. मी ही युक्ती भावावर करून पाहिली, जमते. पण शास्त्रात पाहणाऱ्याला ओळख पटते एवढंच धरलंय. देवदत्ताने समोरच्याकडे बघून "आपण कोण?" म्हटलं तर काय, हे विचारलेलं नाही.

दर रविवारी मी त्याला गाडीतून फिरवतो. चौके, धामापूरचा तलाव, तिथे भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसतो, मग परत. वहिनी त्याला तयार करून ओट्यावर बसवून ठेवते. तो गाडीजवळ येतो आणि विचारतो, "ही गाडी कोणाची रे?" मी म्हणतो, "तुझी, दादा." तो मान हलवतो, पटल्यासारखी नव्हे, एखाद्याने पाहुण्याला 'घर आपलंच समजा' म्हटल्यावर हलवतात तशी. मग चंदेरी दरवाजावर हात ठेवतो आणि म्हणतो, "हो दरवाजो दुसऱ्याचो हा."

दर रविवारी. एकदाही चुकलेलं नाही. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला: म्हणजे बाकीची आपली, हे त्याला कुठेतरी ठाऊक आहे! मग मनाला समजावलं की निळ्या गाडीवरचा चंदेरी पत्रा शेंबड्या पोरालाही दिसतो. दोन्हींपैकी काय खरं ते मला कळत नाही. दरवाजाला निळा रंग मारायचं मात्र मी रद्द केलं. मेस्त्री अजून विचारतो, मी म्हणतो पुढच्या महिन्यात.

मला सुचलेलं उत्तर ना भटजींचं ना कोचं. ते आमच्या घरच्या दाव्यातून आलं. कोकणात प्रत्येक घराला एक दावा असतो. आमचा विहिरीच्या वाटेचा होता. विहीर सामाईक, वाट चुलत्याच्या बागेतून. 1980 च्या सुमारास त्याने गडगा घालून ती अडवली. सातबारा त्याच्या नावावर, आमच्याकडे कागद काहीच नाही. 1882 च्या कायद्यात आहे की वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याविना, हक्काने वापर झाला असेल तर वाटेचा हक्क मिळतो. आमच्याकडे त्याला वहिवाट म्हणतात. चुलत्याच्या वकिलाने हुशारीने मुद्दा काढला: मध्ये एका पावसात ती वाट वाहून गेली होती, नंतर ती चार हात सरकून पडली, म्हणजे ही ती वाटच नव्हे, वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजा. साक्षीला एक म्हातारी मासेवाली होती, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या वाटेने पाटी घेऊन येणारी. वकिलाने तिला विचारलं, जुनी वाट वाहून गेली की नाही? ती म्हणाली, "वाट खंय जातली? मी येत होतंय मा."

मी तेव्हा कोर्टात मागच्या बाकावर होतो, सुट्टीवर आलेला. लोक हसले, मीही हसलो. आज वाटतं, तिने नागसेनाला आणि नैयायिकांना एका दमात उत्तर दिलं होतं. वाट कुठल्या मातीत नसते. चेसिस नंबरासारखी कुठे कोरलेलीही नसते. कुणीतरी रोज येतं, म्हणून ती तीच राहते. यायचं थांबलं की रान माजतं आणि मग खरोखरच ती वाट उरत नाही, मग नकाशात कितीही जाड रेघ असो. 'तीच गाडी' हे मी बघून ओळखत नाही. ते मी करतो, दर शनिवारी पाना हातात घेऊन.

भटजी म्हणतात, याला सरळ मराठीत मोह म्हणतात. टोमणा योग्य आहे. वहीत लिहिलेला खर्च आजवर 6 लाख 40 हजार झालाय, आणि विकायला काढली तर दोन लाख येतील का शंका. पुतण्या अंधेरीहून फोनवर हाच आकडा ऐकवतो. पण दाव्याचा निकाल मला आठवतो. वाट आम्हाला मिळाली, जमीन नाही मिळाली. आम्ही चालायचं, माती चुलत्याचीच. वाटेवर पडलेला नारळसुद्धा चुलत्याचा, आणि पावसानंतरचं रान काढायचं ते मात्र आम्ही. वहिवाटीने मालकी येत नाही. मोह म्हणजे नारळही माझा म्हणणं. माझी गाडीवर, भावावर, आणि या भिंग-स्टेंट घातलेल्या देहावर यापेक्षा जास्त काही सत्ता आहे असं मला वाटत नाही, आणि आत बसलेला स्वामी कुणी असेल तर त्याचीही नसावी. हे शास्त्राला धरून आहे की नाही ते भटजींनी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या दसऱ्याला सांगतो म्हणाले.

माझ्या या मताला एक अडचण आहे, ती लपवत नाही. आचऱ्याला गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, वेशीबाहेर जाऊन राहुट्यांत राहतो. गावात दिवा नाही, चूल नाही, कुणाचं पाऊल नाही. वाट चालल्याने राहते, तर या तीन दिवसांत आचरा कुठे जातं? गेल्या गावपळणीत मी बहिणीचं सामान याच गाडीतून वेशीबाहेर नेलं: दोन गाद्या, गॅसची शेगडी, आणि लेदरच्या मागच्या सीटवर सात कोंबड्या. तिसऱ्या रात्री राहुटीबाहेर बसून मी भावजींना हाच प्रश्न विचारला. ते वेशीकडे तोंड करून विडी ओढत होते. म्हणाले, कौल झाला की परत जायचं. मी म्हटलं, ते ठीक, पण आत्ता तिकडे काय आहे? त्यांनी माझ्याकडे बोटीवरून आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं आणि कोंबड्या झाकायला उठले.

येत्या ऑगस्टमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. ओरोसला न्यायची, तपासणी करून घ्यायची, फेरनोंदणीचे 5 हजार आणि वर पर्यावरण कर भरायचा, की पाच वर्षं मिळतात. पुन्हा पेन्सिल घासतील. मेस्त्रीने खालून सगळं ठोकून बघितलंय. सबफ्रेम धड आहे, धूर आटोक्यात आहे. फक्त डावीकडचा मागचा दरवाजा खालच्या कडेने गेलाय, बोट लावलं तर आत जातं, आणि तसा तो तपासणीला नेता येणार नाही. कुर्ल्याला दोनदा विचारलं, नाही म्हणाले. वाचकांपैकी कुणाच्या माहितीत मोडीत निघालेली फ्रीलँडर 2 असेल तर जुलैच्या आत कळवावं. काच नसली तरी चालेल. रंग कुठलाही चालेल, शक्यतो निळा नको.